जीप एका अंगाला झुकते तेव्हा

जुनी उघडी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली की त्याच कोपऱ्यातल्या कमानीला हात घालायचा, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. गाडी जिथे खाली गेली तिथलाच पाटा दबला, असं डोळ्यांना वाटतं. बऱ्याचदा दुखणं समोरच्या तिरक्या कोपऱ्यात असतं. या रीतीपायी माझ्या जीपच्या चेसिसला चीर गेली. वळसंगला आणि अक्कलकोट रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत कापडी हुडाच्या जुन्या जीप अजून शेतावर राबतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझी गाडी महिंद्राची एमएम 540. पूजो बनावटीचं 2.1 लिटरचं डिझेल इंजिन, चारही चाकांवर पाट्यांच्या कमानी, वर ताडपत्रीचा हूड. घेतली तेव्हाच मागची उजवी बाजू डावीपेक्षा दीड इंच खाली होती. शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या कोपऱ्यावर उभं राहून जोर दिला आणि म्हणाले, "मालक, पाटा दबलाय बघा. एक जादा टाकून देतो, सरळ होतीय की."

संध्याकाळी गाडी खरंच सरळ होऊन आली. मागून पाहिलं तर ओळंब्यात. पण पहिल्या पावसात कुंभारीजवळ ब्रेक मारला आणि जीप डावीकडे ओढली गेली. ब्रेक उघडून पाहिले, त्यांत काही दोष नव्हता. मागच्या उजव्या चाकावरून खड्ड्याचा धक्का थेट कमरेत बसू लागला. पुढे ग्रीस करताना मागच्या उजव्या हँगरपाशी गंजाची एक बारीक रेघ दिसली. ती पुसून पाहिली तर चेसिसला चीर.

तेव्हा मात्र मोजमाप हाती घेतलं. ते कुणालाही करता येतं. मीटर टेप, गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी, एक जॅक, खडू आणि कागद एवढंच लागतं.

पहिली गोष्ट जागेची. शेतातलं अंगण सपाट दिसतं, पण सपाट नसतं. पेट्रोल पंपाच्या फरशीला पाणी निघावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. मला सर्वांत चांगली जागा मिळाली ती रस्त्यालगतच्या वजनकाट्याची. तिथेही लेव्हल नळीने चारही चाकांची जागा तपासली. नळी नसेल तर एक साधी युक्ती आहे. गाडी मोजा, मग तोंड फिरवून त्याच जागी उभी करा आणि पुन्हा मोजा. झुकाव गाडीच्या उजवीकडून डावीकडे गेला तर दोष जमिनीचा.

मग टायर. चारही एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, हवा पुढे जोडीने सारखी, मागेही जोडीने सारखी. बाजूवर एकच माप छापलेलं असूनही दोन कंपन्यांच्या टायरची उंची थोडी वेगळी भरते. त्यानंतर ओझं. माझ्या जीपमध्ये आधीच्या मालकाने अवजारांची पेटी उजवीकडे बसवली होती, ती काढून ठेवली. डिझेलची टाकी किती भरली आहे ते कागदावर लिहून ठेवा. टाकी एका बाजूला असेल तर तिचंही वजन त्याच बाजूला पडतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली होती. गाडी डाव्या सुकाणूची, म्हणजे चालक, टाकी आणि सुकाणूचा पेटारा असं सगळं वजन डाव्या अंगाला. म्हणून तिची पुढची डावी कमान उजवीपेक्षा मुद्दाम कडक केलेली असे. आपल्या गाड्यांचं सुकाणू उजवीकडे. परदेशी पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं इथे उतरवून कुणी डावी कमान कडक केली, तर हलकी बाजू आणखी वर उचलली जाते आणि जड बाजू आणखी खाली जाते. जुनी गाडी घेताना दोन्ही बाजूंच्या कमानीतले पाटे मोजून घ्यावेत ते यासाठी.

मोजण्याआधी गाडी थोडी पुढेमागे ढकला आणि चारही कोपरे दाबून सोडा. पाट्यांचं एकमेकांवर घर्षण असतं. नुकतीच जॅकवरून उतरवलेली गाडी त्या घर्षणामुळे वरच अडकून राहते आणि खोटं माप देते. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. मडगार्डपर्यंत कधीच मोजू नका. मडगार्ड एखाद्या जुन्या धडकेत वाकलेलं असतं, आणि बॉडी चेसिसवर ज्या रबरांवर बसते ती रबरं एका बाजूची कुजून गेलेली असतात. तेव्हा चेसिस सरळ असूनही बॉडी झुकते, आणि कमानी बदलून काहीच साधत नाही. गोव्यात बनलेली 1998 सालची सॅन स्टॉर्म ही दोन सीटांची उघडी गाडी काही शौकिनांनी जपून ठेवली आहे. तिची बॉडी फायबरची, म्हणून तिथेही बाहेरच्या कडेच्या मापावर विसंबू नये. छत नसलेल्या गाडीत एक तपासणी जादा करावी लागते. गाडीला दरवाजे असतील तर त्यांच्या फटी वर-खाली सारख्या आहेत का ते पाहा. वरची फट मिटत आणि खालची उघडत चालली असेल तर गाडी मधूनच खचते आहे. बंद गाडीचं छत कापून हौसेने उघडी केलेली असेल तर हे हमखास होतं. शिवाय असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही.

आता या सगळ्याचं मर्म सांगतो. बाजेचा एक खूर उंच झाला की बाज त्या खुराकडून तिरकी, समोरच्या कोपऱ्याकडे कलते. गाडीचंही तसंच. माझ्या जीपचा पुढचा डावा कोपरा वर होता, म्हणून मागचा उजवा दबला होता. दोष पुढे आहे की मागे, हे जॅक सांगतो. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि पुढच्या आडव्या चेसिसच्या बरोबर मधोमध जॅक लावून पुढची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढीच उचला. गाडीखाली अजिबात शिरायचं नाही. आता गाडीचा पुढचा भाग एका बिंदूवर टेकलेला आहे, तो डावीउजवीकडे तोलू शकत नाही. मागची बाजू या स्थितीत सरळ झाली तर मागच्या कमानी चांगल्या आहेत आणि दोष पुढच्या कमानीत आहे. झुकाव तसाच राहिला तर दोष मागे. मग हीच तपासणी उलट करायची: पुढच्या चाकांना दगड आणि मागच्या आडव्या चेसिसखाली मधोमध जॅक.

मी हे करण्याआधी मागच्या उजव्या कमानीतला तो जादा पाटा काढून घेतला होता. दीड इंचाचा झुकाव पुन्हा परत आला होता. पुढची बाजू जॅकवर उचलताच मागचा फरक दोन सुतांवर आला. पुढची डावी कमान उघडली, तर तिच्यात उजवीपेक्षा एक पाटा जास्त निघाला. तो काढल्यावर जीप सरळ उभी राहिली.

मिस्त्रींनी सरळ केलेली जीप तरी ओढत का होती, याचं उत्तर वजनकाट्याने दिलं. मागचा जादा पाटा काढण्याआधी एकेक चाक काट्यावर घेऊन वजन केलं होतं. पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकावर जास्त वजन, उरलेली तिरकी जोडी हलकी. पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा जवळपास साठ किलो जड होतं. ओल्या रस्त्यावर हलकं चाक आधी घसरतं, जड चाक रस्ता धरून ठेवतं, आणि गाडी जड चाकाच्या बाजूला ओढली जाते. दोन चुकीच्या कमानी एकमेकींविरुद्ध लढत होत्या आणि त्यांच्या मधल्या ताणाने चेसिसला हँगरपाशी पीळ पडत होता. डोळ्यांना गाडी सरळ दिसणं आणि चाकांवर वजन योग्य विभागलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोका दुसऱ्या गोष्टीत असतो.

कमान खोलायची वेळ आलीच तर आणखी काही पाहा. सेंटर बोल्ट तुटला असेल तर हाउसिंग मागेपुढे सरकतं. दोन्ही बाजूंची पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतची लांबी मोजली की ते कळतं. शॅकल गंजून जाम झाला असेल तर ती कमान मोकळी खेळत नाही. बुश रबरी असतील तर त्यांचे नट गाडी चारही चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबराला पीळ बसतो आणि तो कोपरा वरच राहतो. पाटे रॉकेलने धुऊन चीर शोधा. साध्या तेलाच्या शॉकअपला दोष देऊ नका, गाडीचं वजन तो पेलतच नाही. दबलेली कमान नुसती ठोकून वाकवून आणली तर थोड्याच दिवसांत पुन्हा बसते. पोलाद तापवून, पाणी देऊन आणि पुन्हा ठरावीक उष्णतेवर मऊ करून घेणारा कारागीर शोधावा, आणि काम नेहमी जोडीचं करावं, एका बाजूचं कधीच नाही. एवढं करूनही अर्ध्या इंचाच्या आत फरक उरला तर या जुन्या गाड्यांत तो दोष मानू नये. त्यासाठी पैसे घालवू नयेत.

चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडून ती पुढे जाण्यापासून थांबवली, मग घासून वेल्डिंग केलं आणि वरून पट्टी बसवली. हे काम चेसिसचंच काम करणाऱ्याकडून करून घ्यावं आणि बॅटरीच्या तारा आधी सोडून ठेवाव्यात. कमानीचं दुखणं असलेली गाडी सावकाश चालवून घरी आणता येते, चेसिसची चीर तेवढा वेळ देईलच असं नाही. तुमच्या जीपच्या हँगरपाशी अशी रेघ दिसली तर त्या दिवशी तिच्यात माणसं बसवू नका आणि तिला रस्त्यावर काढू नका.