काठी कोणत्या हातात धरायची?

उजवा गुडघा किंवा उजवा खुबा दुखत असेल, तर काठी डाव्या हातात धरा. तपासायला येणारे बरेच जण नेमकं उलट करतात आणि दुखतं त्याच बाजूला काठी टेकतात. मग शरीर दुखऱ्या पायावर कलतं आणि लंगडणं वाढतं.

कारण समजून घ्या. एक पाय उचलला की भार दुसऱ्या पायावर येतो. तेव्हा कंबर कलू नये म्हणून त्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू जोरात आवळतात, आणि ती ओढही सांध्यालाच सोसावी लागते. विरुद्ध हातातली काठी कंबरेला दुसऱ्या बाजूने पेलून धरते. स्नायूंना कमी ओढावं लागतं, सांध्यावरचा दाब उतरतो.

काठीची उंची मापानेच ठरवा. रोजची पादत्राणं घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मूठ मनगटाच्या घडीच्या रेषेत हवी. धरल्यावर कोपर 20 ते 30 अंश वाकलेलं दिसेल. काठी उंच असली तर खांदा वर चढतो, आखूड असली तर पाठ वाकते. म्हणून घरातली आजोबांची काठी माप न घेता वापरू नका. टोकाचं रबरी बूच गुळगुळीत झालं की लगेच बदला.

सपाटीवर काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे टाका, मग चांगला पाय. जिना चढताना आधी चांगला पाय वर, त्यामागून दुखरा पाय आणि काठी. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय खाली. दुसरा हात कठड्यावर असू द्या.

पक्षाघातानंतर एक बाजू कमजोर असेल, तर चार पायांची काठी चांगल्या हातात देतात. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा तोल फारच जात असेल तर वॉकर बरा. वॉकरचे चारही पाय टेकले की दुखरा पाय पुढे टाका, मग चांगला. वॉकर लांब ढकलून त्याच्यामागे वाकून चालू नका. खुर्चीवरून उठताना तो ओढू नका, खुर्चीच्या हातांवर जोर द्या. जिन्यावर तो नेऊ नका. कुबड्या असतील तर काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटांची जागा सोडा आणि भार तळहातांवर घ्या. काखेत भार दिला तर नस दबून मनगट लुळं पडू शकतं.

घरातल्यांनी वाटेतल्या सतरंज्या, पायपुसणी आणि वायरी उचलाव्यात, न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा, रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा ठेवावा.

‘काठी घेतली की लोक म्हातारा म्हणतील’ म्हणून अनेक जण घराबाहेर पडणंच सोडतात, आणि ते पाहून फार वाईट वाटतं. चालणं थांबलं की मांड्या रोडावतात, तोल आणखी बिघडतो आणि पडण्याची भीती खरी ठरते. काठी हा उपचार आहे. औषधासारखंच तिचंही माप आणि पद्धत असते. खर्चाची अडचण असेल, तर केंद्र सरकारच्या 2017 पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कमी उत्पन्नाच्या 60 वर्षांवरील ज्येष्ठांना काठी, वॉकर अशी साधनं मोफत मिळतात. चौकशी जरूर करा.

एक इशारा. एक पाय किंवा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळू लागलं, तर काठी शोधत बसू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

शस्त्रक्रियेनंतर घरी जाण्याआधी फिजिओथेरपिस्टसमोर सपाटीवर आणि जिन्यावर चालून दाखवा, सोबतच्या नातेवाइकालाही ते शिकू द्या. काठी कधी सोडायची हेही त्यांनाच विचारा. दुखणं कमी झालं एवढं पुरेसं नाही. काठीविना चालताना लंगडणं दिसेनासं झालं, की मगच ती सोडा.