थंड पेयाची बाटली आणि उसाचा शेतकरी



अंगावर चरबी चढणे हे खात्यापित्या घरचे लक्षण, असे आपण पूर्वापार मानत आलो. आता गरीब देशांतही लठ्ठपणा वाढतो आहे, आणि त्यात खुल्या व्यापाराचा मोठा हात आहे. मेक्सिकोचे उदाहरण पाहू. हा देश आपल्यासारखाच उसाचा.

१९९४ साली अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्यात 'नाफ्टा' हा व्यापार करार अमलात आला. अमेरिकेचा स्वस्त मका मेक्सिकोत उतरला आणि तिथल्या लहान मका उत्पादकाला भाव मिळेना. परदेशी भांडवल आले. त्याबरोबर पाकीटबंद खाऊ आणि थंड पेयांच्या बाटल्या खेडोपाडी पोचल्या. मक्याची भाकरी अन् घेवडा मागे पडला. २०१२ च्या पाहणीत दर दहा प्रौढांपैकी सातजण जादा वजनाचे निघाले. मधुमेहही पाठोपाठ आलाच.

उसाचे काय झाले? पेयांचे कारखानदार साखरेऐवजी मक्याच्या गोड पाकाकडे वळू लागले. म्हणून २००२ साली सरकारने साखर न वापरणाऱ्या पेयांवर २० टक्के कर बसवला. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. २००६ साली मेक्सिको हरला आणि कर मागे घ्यावा लागला.

भांडण झाले ते बाटलीत कोणता गोडवा घालायचा यावर. पिणाऱ्याच्या शरीराला दोन्ही जवळपास सारखेच! हे ध्यानात आल्यावर २०१४ साली सर्वच गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर आला. पहिल्याच वर्षी त्यांची खरेदी सुमारे ६ टक्क्यांनी घटली.

आपल्याकडेही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत चारांपैकी जवळजवळ एक स्त्री जादा वजनाची आढळली. पुरुषांचेही फार वेगळे नाही.

"साखर विकणाऱ्यांनीच साखर जपून खा म्हणायचे का?" असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, होय. आपल्या उसापासून इथेनॉल होते, वीज होते; तो काही पोरांच्या बाटलीवर जगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला ५० ग्रॅम सांगितली आहे. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीतच तेवढी भरते!

तेव्हा पाहुण्याला बाटली नको, ताक द्या. ऊस शेतात वाढू दे, पोट नको.