जे हलतंय ते आधी थांबव

अगं, तू पाठवलेली यादी काल रात्री शांतपणे वाचली. आधी हे सांगते की मला फार आनंद झाला. तुझ्या शिष्यवृत्तीतून साठवलेले आणि बाबांनी कबूल केलेले मिळून सव्वा लाख, आणि त्यातून घरात रेसिंग सिम्युलेटर उभा करायचा, हे तू मनापासून ठरवलंयस ते यादीवरून कळतं. पण पहिल्या ओळीत ग्राफिक कार्ड आहे, दुसऱ्या ओळीत तीन मॉनिटर, मग रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, आणि पेडल अगदी तळाला, तेही ‘उरलेल्या पैशात’ असं लिहून. तीच यादी खालून वर वाच. निम्म्याहून जास्त चुका तिथेच दुरुस्त होतील.

का ते सांगते. मी पहिल्यांदा स्टिअरिंग लावलं ते आपल्या सिडकोतल्या घरी, जेवणाच्या टेबलाला क्लॅम्प कसून. खुर्ची चाकांची, खाली गुळगुळीत फरशी. पहिलं वळण आलं, मी ब्रेकवर पाय दाबला, आणि खुर्ची मागे सरकत थेट दिवाणाला टेकली. पेडल दुसऱ्या बाजूला घसरलं. पुढचे दोन आठवडे मी समजत होते की मला ब्रेक लावताच येत नाही. मग एका रविवारी खुर्चीची चाकं काढली, पेडल आणि भिंत यांच्यामध्ये लाकडी फळी अडकवली आणि टेबलाच्या हलत्या पायाखाली पाचर मारली. त्याच संध्याकाळी, त्याच गाडीने, त्याच ट्रॅकवर माझी वेळ सुधारली. एक रुपयाचीही नवी वस्तू घेतली नव्हती.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: जे हलतंय ते आधी थांबव. खुर्ची, पेडल, चित्र, वीज, सगळ्यांना तोच लागू. पैसे कुठे घालायचे हे अडलं की हाच प्रश्न विचार: यातलं काय हलतंय?

सुरुवात पायापासून. मी रोज वाळूजला ब्रेकच्या चाचण्या करते, म्हणून हे जरा अधिकाराने सांगते. गाडीचा ब्रेक पाय किती खाली गेला यावर कमी चालतो, किती जोर दिला यावर जास्त. शर्यतीच्या गाडीत तर पेडल जेमतेम हलतं. स्वस्त पेडलमध्ये मात्र पाय किती अंतर सरकला तेवढंच मोजलं जातं. अंतर शरीराच्या लक्षात राहत नाही, दाब राहतो. पोळपाटावर लाटणं किती दाबायचं हे आईला कुणी सेंटिमीटरमध्ये सांगितलंय का? हाताला दाब कळतो, तसा पायालाही कळतो. म्हणून ज्या ब्रेकमध्ये ‘लोड सेल’ असतो, म्हणजे जो दाब मोजतो, तो आज ना उद्या घ्यायचाच. पहिल्या दिवशी जमला नाही तर निदान असं पेडल घे की ज्याचा ब्रेक पुढे बदलता येईल.

मग स्टिअरिंग. तू लॉजिटेकचं जी 29 लिहिलंयस. वाईट नाही. 900 अंश फिरतं, तीन पेडल सोबत येतात, आणि वापरलेलंही सहज मिळतं. त्यात जोर गिअरमधून येतो, तो साधारण दोन-सव्वादोन न्यूटन मीटर. मोझाचं आर 5 हे ‘डायरेक्ट ड्राइव्ह’, म्हणजे चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेलं, त्याचा जोर साडेपाच. आकड्यांना घाबरू नकोस. जी 29 जास्तीत जास्त जोर लावतं तेव्हा चाकाच्या कडेला दीड किलोचं वजन टांगल्यासारखं वाटतं, आर 5 ला जवळपास चार किलोचं. फरक नुसत्या ताकदीचा नाही. मागच्या चाकांची पकड सुटायला लागली की मोटर ते हातापर्यंत लगेच पोहोचवते. गिअर मात्र मध्येच थोडी खडखड मिसळतात. पण एक लक्षात घे, चार किलोचा झटका जेवणाच्या टेबलाला सोसत नाही. मजबूत मोटर घ्यायची तर आधी मजबूत सांगाडा हवा. सांगाडा नसेल तर जी 29 घे आणि उरलेले पैसे बसण्याच्या जागेवर घाल.

त्या सांगाड्यासाठी बाहेरून महागडा रिग मागवू नकोस, आपण कुठे राहतो ते आठव. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला आला, 2001 पासून शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जुळायला लागल्या, आणि त्यांच्या आजूबाजूला सुटे भाग करणारी किती वर्कशॉप उभी राहिली! चिकलठाण्यात किंवा वाळूजला एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे कागदावर मापं घेऊन जा. दीड इंची चौकोनी पाईप, पेडलसाठी तिरकी पट्टी, स्टिअरिंगसाठी जाड पत्रा. भंगारातून जुन्या गाडीची सीट आण, खालच्या सरकत्या पट्ट्यांसकट. म्हणजे तुलाही बसता येईल आणि बाबांनाही. भोकं वेल्डिंग करण्याआधीच पाडून घे, आणि पेडलच्या पट्टीला एकाऐवजी तीन जागा ठेव. पहिल्या महिन्यात तू नक्की मागे-पुढे करणार आहेस.

आता संगणक. इथे तू ग्राफिक कार्डाला सगळं देऊन बसलीस. सिम्युलेटरमध्ये टायर, सस्पेन्शन, इंधनाचं वजन, शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची हालचाल हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. आयरेसिंग या शर्यतीच्या गेममध्ये तो सेकंदाला 360 वेळा होतो. मैदानात वीस-पंचवीस गाड्या उतरल्या की कमजोर प्रोसेसर अडखळतो, आणि महागडं कार्ड नुसतं वाट बघत राहतं. अडखळणं म्हणजे काय ते मोजून बघ. ताशी 200 किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास 56 मीटर जाते. चित्र सेकंदाच्या दहाव्या भागापुरतं अडकलं तरी तू साडेपाच मीटर आंधळी गेलीस. ब्रेकची खूण तेवढ्यात मागे पडते. म्हणून मला सेकंदाला 144 चित्रं मध्येच 50 वर कोसळणारी नकोत. 80 असू देत, पण एकसारखी.

माझं मत विचारशील तर एएमडीच्या एएम 5 बोर्डावर रायझन 5 7600 घे. पुढे पगार सुरू झाला की त्याच बोर्डावर 7800 एक्स 3 डी बसवता येईल. त्यात प्रोसेसरच्या आतली मेमरी, म्हणजे कॅशे, खूप मोठी आहे आणि सिम्युलेटरना तिचा चांगला उपयोग होतो. एका स्क्रीनसाठी आरटीएक्स 4060 किंवा 5060 च्या वर्गातलं कार्ड पुरेसं आहे. रॅम कमीत कमी 16 जीबी, आणि एका पट्टीऐवजी दोन पट्ट्यांत. एक टीबीचा एनव्हीएमई एसएसडी. आणि एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, नावाजलेल्या कंपनीचा, 650 वॅटचा. यावर मी हट्ट धरते, कारण माझ्या पहिल्या मशीनला दुकानदाराने कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस लावून दिला होता, मी विचारलं नाही, आणि आठ महिन्यांत तो मदरबोर्ड घेऊन गेला. तू विचार. डबा उघडताना समोर उभी राहा.

तीन मॉनिटर आत्ता नकोत. एका फुल एचडी स्क्रीनवर साधारण 21 लाख ठिपके असतात, तीन स्क्रीनवर 62 लाख. तेवढं काम ओढायला वरच्या दर्जाचं कार्ड लागतं. त्याऐवजी एक 27 इंची मॉनिटर स्टिअरिंगच्या अगदी मागे, जवळ आण, आणि शिवणाची टेप घेऊन डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोज. हा मॉनिटर जवळपास 60 सेंटिमीटर रुंद असतो. तूही 60 सेंटिमीटरवर बसलीस तर तुझ्या डोळ्यांसमोर आडवा कोन येतो 53 अंशांचा. गेमला तेवढाच कोन सांग. असेटो कोर्सा हा गेम तो कोन उभा मोजतो, तिथे आकडा 31 च्या आसपास येईल. सुरुवातीला खिडकी अरुंद वाटेल, दोन्ही बाजूंचे आरसे दिसणार नाहीत. पण वळण जिथे आहे तिथेच दिसेल, आणि ब्रेक कुठे लावायचा याचा अंदाज रोज बदलणार नाही. हा बदल फुकट आहे.

आता आपल्या गावाची गोष्ट, जी कुठल्याही यादीत नसते. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी पाण्याचे कूलर सुरू होतात. शर्यत चालू असताना हा संगणक तीनेकशे वॅट उष्णता खोलीत सोडतो, म्हणजे तुला कूलर लागणारच. पण त्याचा झोत कॅबिनेटवर घेऊ नकोस. ती हवा ओली असते, आणि आपल्याकडच्या जड पाण्याने कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तो तू बघितलायस. तसलं काही मदरबोर्डवर नको. कूलर तुझ्या पाठीमागे, कॅबिनेट दुसऱ्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंच, आणि पुढे जाळी असलेलं. दिवे नसले तरी चालतील. दर महिन्याला जाळी ब्रशने झाड.

विजेचंही तसंच. वळवाच्या पावसात दिवे कसे लुकलुकतात ते माहीत आहे तुला. यूपीएस घेताना डब्यावरच्या व्हीए वर जाऊ नकोस, वॅट वाच. हजार व्हीए चा यूपीएस बहुधा 600 वॅटच देतो. तो शर्यत पुरी करण्यासाठी नाही, मशीन नीट बंद करण्यासाठी आहे. आणि आपल्या घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे, खरेदीच्या आधी.

पैशांची वाटणी अशी कर: अर्ध्याहून थोडे जास्त संगणकाला, पाव हिस्सा स्टिअरिंग-पेडलला, बाकीच्यात मॉनिटर, यूपीएस आणि सांगाडा. भाव सारखे बदलतात, तेव्हा त्या दिवशीच्या भावाने गणित पुन्हा मांड. पक्कं बिल घे, प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर त्यावर लिहून घे, आणि वॉरंटीत पार्सल पुण्या-मुंबईला जाणार की इथेच दुरुस्त होणार ते आधी विचार. सुरुवातीला जुना असेटो कोर्साच पुरे. एकदाच विकत घ्यायचा. आयरेसिंगला वर्गणी असते आणि ट्रॅक-गाड्यांचे पैसे वेगळे. ते नंतर.

आता तू फोनवर जे हळू आवाजात बोललीस त्याबद्दल. मुलीच्या जातीला हे कशाला, असं कुणी म्हणालं, आणि तुला ते लागलं. मलाही लागलं होतं. पुण्याच्या डायना पंडोले यांनी 2024 साली राष्ट्रीय मोटार शर्यतीत सलून गटाचं विजेतेपद मिळवलं, पुरुषांसोबत त्याच ट्रॅकवर गाडी पळवून. आणि ब्रिटनचा यान मार्डनबरो 2011 साली प्लेस्टेशनवरच्या स्पर्धेतून निवडला जाऊन खऱ्या शर्यतींत उतरला. तू तिथपर्यंत जावंसच असं मी म्हणत नाही. पण हात-पाय-डोळे एका लयीत आणण्याचं हे शिक्षण खरं आहे, आणि ते तुझंही आहे. आईला मात्र अंधारात ठेवू नकोस. खर्च दाखव, परीक्षेचे महिने आधीच सांग, आणि पहिल्या दिवशी तिलाच सीटवर बसव.

रविवारी मी टेप आणि पान्ह्यांची पेटी घेऊन येते. तोवर एकही ऑर्डर देऊ नकोस. आज फक्त एवढं कर: ज्या खुर्चीवर बसणार आहेस ती भिंतीसमोर ठेव, बस, आणि पूर्ण ताकदीने भिंतीवर पाय दाब. खुर्ची किती सरकली ते मला रात्री कळव. आपली यादी तिथून सुरू होईल.