नोड अ‍ॅपपुढे एन्जिनएक्स कशासाठी?

प्रश्न : नोड जेएसमध्ये लिहिलेले अ‍ॅप सर्व्हरच्या ३००० क्रमांकाच्या पोर्टवर व्यवस्थित चालत असताना त्याच्यापुढे एन्जिनएक्स बसवण्याची खरोखर गरज असते का?

उत्तर : सार्वजनिक संकेतस्थळासाठी ती बहुतेक वेळा असते. ब्राउझर एचटीटीपीसाठी ८० आणि एचटीटीपीएससाठी ४४३ हे पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरील सेवांचे क्रमांकित प्रवेशमार्ग, गृहीत धरतो. परंतु लिनक्समध्ये १०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे पोर्ट उघडण्यास सामान्यतः रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार लागतात, आणि संपूर्ण अ‍ॅपच त्या अधिकारांनी चालवले, तर त्यातील एखाद्या त्रुटीतून आत शिरलेल्या हल्लेखोराच्या हाती सगळा सर्व्हर जाऊ शकतो. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला एन्जिनएक्स येथे रिव्हर्स प्रॉक्सीचे, म्हणजे बाहेरची विनंती स्वीकारून ती आतील अ‍ॅपकडे पोचवण्याचे, काम करतो. त्याची मुख्य प्रक्रिया पोर्ट उघडते, तर प्रत्यक्ष विनंत्या मर्यादित अधिकारांच्या दुय्यम प्रक्रिया हाताळतात. एचटीटीपीएसचे प्रमाणपत्रही तोच सांभाळतो, आणि चित्रे व सीएसएससारख्या स्थिर फाइली थेट डिस्कवरून पाठवत असल्याने नोडचा जावास्क्रिप्ट चालवणारा मुख्य थ्रेड मूळ कामासाठी मोकळा राहतो.

एक खबरदारी मात्र फार वेळा राहून जाते, आणि तिच्यावाचून ही सारी रचना पोकळ ठरते : अ‍ॅपने केवळ १२७.०.०.१ या, त्याच यंत्रापुरत्या असलेल्या पत्त्यावर विनंत्या ऐकाव्यात. अन्यथा फायरवॉल नसल्यास ३००० हा पोर्ट बाहेरूनही उघडाच राहतो. एन्जिनएक्स बसवल्यानंतर वाचकांनी ही तपासणी सर्वप्रथम करावी.