नागलीचा करपा आणि आपलं घरचं बी

ताईंनो, बाजरीचे गोसावी, अरगट हे रोग मालेगाव-नांदगावकडचे. आपल्या हरसूलच्या पावसात, वरकस जमिनीत पिकते ती नागली, आणि नागलीचा मोठा रोग म्हणजे करपा.

आधी रोपाच्या पानांवर डाग दिसतात. दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी, कडेला तपकिरी. पुढे कणीस निसवताना हाच रोग मानेवर उतरला की मान काळी पडते, अन्नरस वर चढत नाही, दाणा पोचट राहतो. मग औषध फवारलं तरी गेलेला दाणा काही भरून येत नाही.

ही बुरशी बियाण्यातूनही पुढच्या वर्षी येते. आणि बी राखायचं काम घरात कोणाचं? आपलंच. म्हणून कापणीआधी शेतात फिरा. निरोगी झाडांची भरलेली कणसं वेगळी काढा, वेगळीच मळा. पेरणीच्या वेळी बी पाण्यात टाका, तरंगेल ते काढून टाका. खालचं सावलीत सुकवून किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. नाहीतर थायरम, किलोला ३ ग्रॅम, हातमोजे घालून. दोन्ही एकदम नको. थायरम लावलेलं बी उरलं तर भाकरीला दळायचं नाही, कोंबड्यांनाही टाकायचं नाही!

पीक हिरवंगार दिसावं म्हणून युरिया जास्त टाकतात, त्यानं करपा वाढतोच.

आपल्या शेतात माना काळ्या पडल्या असतील तर तिथलं बी ठेवू नका. गटातल्या जिचं पीक चांगलं असेल तिच्याकडून बदलून घ्या.