शर्यतीच्या मोटारसायकलीची झडप केव्हा बदलावी?

म्हैसूरपासून पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरांवर बन्नूर हे गाव आहे. कावेरीच्या पाण्यावर भात व ऊस पिकविणाऱ्या अशा गावांत ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कारागीर ओळखीचा असतो. एंजिनाचा जोर कमी झाला की तो पोलादी झडपा काढतो, खरखरीत लेप लावून त्या बैठकीवर घासतो आणि पुन्हा बसवितो. ट्रॅक्टरपुरती ही रीत योग्यच आहे. मातीवरील शर्यतीच्या आधुनिक मोटारसायकलीस मात्र तीच रीत घातक ठरते.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९९६ पर्यंत निघालेल्या जावा व येझ्दी या प्रसिद्ध गाड्यांत हा प्रश्नच नव्हता. त्यांची एंजिने द्विघाती होती; सिलिंडरमधील छिद्रे दट्ट्याच उघडी व बंद करीत असे. मातीवरील शर्यतींतही दीर्घकाळ अशाच एंजिनांचे वर्चस्व होते. १९९८ मध्ये यामाहाची चतुर्घाती वायझेड ४०० एफ ही गाडी विक्रीस आली, इतर कारखान्यांनी तिचे अनुकरण केले आणि झडपेची चिंता शर्यतपटूच्या वाट्यास आली.

झडप का झिजते?

चतुर्घाती एंजिनाचे दर मिनिटास १२,००० फेरे होत असता प्रत्येक झडप सेकंदास १०० वेळा उघडते व मिटते. इतक्या वेगास हलकी झडप हवी; म्हणून पुष्कळ गाड्यांत ती टायटॅनियमची करतात. हिचे वजन पोलादी झडपेच्या सुमारे तीन-पंचमांश भरते. टायटॅनियम स्वतः घर्षणास टिकत नाही. म्हणून त्यावर अत्यंत पातळ व कठीण थर चढविलेला असतो. हवेच्या गाळणीतून निसटलेली बारीक धूळ हा थर झिजविते. थर शाबूत असेतो झीज मंद असते. तो फाटला की ती झपाट्याने वाढते. झडप लेपाने घासणे म्हणजे हा थर आपल्याच हाताने काढून टाकणे होय.

फट काय सांगते?

झडपेचा दांडा आणि तिला दाबणारी यंत्रणा यांत थोडी फट ठेवलेली असते. आत येणाऱ्या हवेच्या झडपेस ती बहुधा ०.१ ते ०.१५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दीड-दोन पट असते. झडप झिजली की ती बैठकीत खोल जाते, दांडा वर सरकतो व फट आवळते. फट संपली की झडप पुरती मिटत नाही. तप्त वायू कडेने निसटतो, झडपेची उष्णता बैठकीस जात नाही आणि ती जळू लागते. गाडी सुरू होण्यास कष्ट पडणे हे याचे नेहमीचे लक्षण होय. तरीही दुर्लक्ष झाल्यास झडपेचे डोके तुटून दट्ट्यावर पडते. एंजिन जागच्या जागी अडकते आणि वेगात असलेला चालक फेकला जाण्याचा धोका उद्भवतो.

बदलण्याची वेळ

एंजिन थंड असता पात्यांच्या मापकाने फट मोजावी व प्रत्येक माप तारखेसह वहीत लिहावे. नवी झडप आरंभी किंचित बसते. तेवढ्यासाठी चकती बदलून फट पूर्ववत् करणे युक्त आहे. परंतु त्याच झडपेची फट लवकरच पुन्हा आवळली, तर तिसऱ्या चकतीचा मोह टाळून झडपच बदलावी. नवी असल्यापासूनचा एकंदर फरक सुमारे ०.२ मिलिमीटर झाला, तर तिचे आयुष्य सरले असे पुष्कळ कारागीर मानतात. गाडीच्या पुस्तिकेत निराळी मर्यादा दिली असल्यास तीच प्रमाण मानावी. नव्या झडपेबरोबर स्प्रिंगही बदलावी व बैठक तपासून घ्यावी. झिजलेली बैठक नव्या झडपेसही लवकर खाते.

झडप तुटण्यापूर्वी फट आवळून सूचना देते. ती सूचना कानास ऐकू येत नाही. वहीतील मापांतच ती वाचावी लागते.