कबरस्तानातील पहाट : पुनरुत्थानाच्या सणाच्या प्रथा व त्यांचा शास्त्राधार

शास्त्रवाचन : निर्गम १२:१-१४, लेवीय २३:९-१६, मार्क १६:१-८, १ करिंथ १५:२०-२३

पुनरुत्थानाच्या रविवारी आपल्या अनेक मंडळ्यांत लोक दिवस उजाडण्यापूर्वीच कबरस्तानाकडे निघतात. आदल्या दिवशी कबरी झाडून स्वच्छ केलेल्या असतात. हाती फुले व मेणबत्त्या असतात. पूर्वेला तांबडे फुटू लागले की गीत सुरू होते. एरवी ज्या ठिकाणी आपण रडण्यासाठी जातो, तेथेच वर्षातील सर्वांत मोठ्या आनंदाची उपासना होते.

परंतु पोटापाण्यासाठी इंदूर, हैदराबाद, दिल्ली अशा दूरच्या शहरी स्थायिक झालेल्या कित्येक मराठी ख्रिस्ती कुटुंबांना हे भाग्य लाभत नाही. आईवडिलांच्या कबरी शेकडो मैलांवर गावी राहिलेल्या असतात. त्या पहाटे कोणाच्या कबरीपाशी उभे राहावे, असा प्रश्न त्यांना पडतो आणि आपला सण अर्धाच झाला, असे त्यांना वाटते. ही खंत खरी आहे. तिला उत्तर शोधण्यासाठी या सणाच्या प्रथा कोठून आल्या व पवित्र शास्त्र त्यांविषयी काय शिकवते, हे आपण पाहू.

१. वल्हांडण : सणाचे मूळ

‘ईस्टर’ हे नाव आपल्याकडे इंग्रजीतून आले. आठव्या शतकातील इंग्रज मठवासी बीड याने त्याचा संबंध एका जुन्या देवतेशी जोडला आहे. तेवढ्यावरून हा सणच मूळचा ख्रिस्ती नव्हे, असे काही जण म्हणतात. परंतु ग्रीक व लॅटिन बोलणाऱ्या मंडळ्या त्याला प्राचीन काळापासून ‘पास्खा’ म्हणत आल्या आहेत. हा शब्द इब्री ‘पेसाह’ म्हणजे वल्हांडण यापासून आला. गोव्याच्या कोकणीतील ‘पास्कांचें फेस्त’ या नावात तो आजही ऐकू येतो. इंग्रजी नावाचा उगम काहीही असो. सणाचे मूळ मिसर देशातील त्या सुटकेच्या रात्रीत आहे.

चारही शुभवर्तमानकार प्रभूचे मरण वल्हांडणाच्या दिवसांत घडले असे सांगतात. पहिली तीन शुभवर्तमाने शेवटच्या भोजनाला वल्हांडणाचे भोजन म्हणतात, तर योहान वधस्तंभाचा दिवस हा वल्हांडणाच्या तयारीचा दिवस होता, असे नमूद करतो (१९:१४). पौल ख्रिस्तालाच आपल्या वल्हांडणाचा यज्ञपशू मानतो आणि वाईटपणाचे जुने खमीर काढून टाकण्यास सांगतो (१ करिंथ ५:७-८).

२. पहिल्या पिकाची पेंढी

वल्हांडणाइतकाच महत्त्वाचा, पण आपल्याकडून बहुधा दुर्लक्षित राहणारा दुसरा आधार लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात आहे. वल्हांडणाच्या सुमारास पॅलेस्टाईनमध्ये सातूचे पीक तयार होऊ लागे. त्या पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणावी व त्याने ती ‘शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी’ परमेश्वरापुढे ओवाळावी, अशी आज्ञा होती. हा शब्बाथ कोणता, याविषयी यहुदी शास्त्र्यांत मतभेद होता. एका मताप्रमाणे तो आठवड्याचा नेहमीचा शब्बाथ असून पेंढी आठवड्याच्या पहिल्या दिवशी ओवाळावयाची होती.

त्याच आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रभू उठला. म्हणून पौल त्याला निद्रा घेत असलेल्यांतील प्रथमफळ म्हणतो (१ करिंथ १५:२०), तेव्हा तो केवळ अलंकार वापरत नाही. पेंढी मंदिरात आली तरी बाकीचे पीक अजून शेतातच उभे असते; मात्र ते कोणाचे आहे, हे त्या पेंढीने ठरून गेलेले असते. ख्रिस्त उठला आहे. आपले प्रियजन अजून मातीत आहेत. परंतु पीक एकच आहे आणि धनीही एकच आहे.

३. तारीख दरवर्षी का बदलते?

वल्हांडण चंद्राच्या महिन्याप्रमाणे, पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी येतो. आशिया प्रांतातील मंडळ्या वार कोणताही असो, त्याच दिवशी हा सण पाळीत. रोमची मंडळी रविवार पाळीत असे. इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले व बिशप अनिसेटस यांच्याशी त्यांनी या विषयावर चर्चा केली. दोघांचे एकमत झाले नाही. तरीही अनिसेटस यांनी आपल्या मंडळीत पॉलिकार्प यांना प्रभुभोजनाचा विधी चालविण्याचा मान दिला व दोघे शांतीने एकमेकांपासून निघाले. आज लहानसहान प्रथांवरून दुभंगणाऱ्या मंडळ्यांनी या भेटीचा विचार करावा.

इ. स. ३२५ मध्ये निकिया येथील परिषदेने सर्वांनी हा सण एकाच दिवशी पाळावा असे ठरविले. पुढे रूढ झालेल्या नियमाप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा पुनरुत्थानदिन होय. ही पौर्णिमा मंडळीच्या कोष्टकांवरून काढतात. म्हणून सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या पंचांगाप्रमाणे गणना करतात, त्यामुळे त्यांचा दिवस पुष्कळदा वेगळा पडतो. २०२५ साली मात्र दोन्ही गणनांनी २० एप्रिल हाच दिवस आला.

४. प्रकाश, बाप्तिस्मा आणि अंडी

प्राचीन मंडळीत आदल्या रात्री जागरण करून शास्त्रवाचन चाले व नव्या विश्वासणाऱ्यांना बाप्तिस्मा देण्यात येई. ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे व नव्या जीवनात चालणे (रोम ६:३-४) याचे ते चिन्ह होते. कॅथोलिक मंडळीत आजही त्या रात्री नवा अग्नी पेटवून मोठी मेणबत्ती लावतात आणि तांबड्या समुद्रातून झालेल्या सुटकेचा पाठ वाचतात. अंड्यांना मात्र शास्त्रवचनाचा आधार नाही. मध्ययुगात उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. सणाच्या दिवशी ती पुन्हा ताटात येत. कवच फोडून बाहेर येणाऱ्या पिलाचा अर्थ त्यांना जोडला गेला. मुलांना तो अर्थ सांगावा. पण अंडे हातात राहिले आणि उघडी कबर विसरली, असे होऊ देऊ नये.

५. पहाटेची उपासना

पहाटेच्या उपासनेचा आधार चारही शुभवर्तमानांत आहे. स्त्रिया पहाटे निघाल्या त्या आनंद करण्यासाठी नव्हे, तर मृत देहाला सुगंधी द्रव्ये लावण्याचे अपुरे राहिलेले काम करण्यासाठी. धोंड कोण लोटील, एवढीच त्यांना चिंता होती. आपणही कबरीपाशी असेच, काहीतरी अपुरे राहिल्याची जाणीव घेऊन उभे असतो.

१७३२ साली जर्मनीतील हेर्नहुट येथे मोरेव्हियन मंडळीतील तरुण पहाटे टेकडीवरील कबरस्तानात जमले व गीते गाऊ लागले. तेव्हापासून त्या मंडळीत ही रीत सुरू झाली. जर्मन भाषेत कबरस्तानाला ‘देवाचे शेत’ असा शब्द आहे. शेत आणि पेंढी ही जोडी येथे पुन्हा भेटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेंढी ओवाळली जाईपर्यंत कोणीही नवे धान्य खावयाचे नव्हते (लेवीय २३:१४). म्हणजे ती एक पेंढी मंदिराजवळच्या शेतांची होती, तशीच दूर गालीलातील शेतांचीही होती. त्याचप्रमाणे गावी मातीत निजलेली आपली माणसे आणि परमुलखात राहणारे आपण, दोघेही त्याच प्रथमफळाशी जोडलेले आहोत. शिवाय कबरीतील दूताने त्या स्त्रियांना तेथे थांबू दिले नाही. प्रभू त्यांच्याआधी गालीलात जात आहे, असे त्याने सांगितले (मार्क १६:७). गालील म्हणजे शिष्यांचे घरदार आणि त्यांची मासे धरण्याची जाळी.

तेव्हा ज्यांना कबरस्तान जवळ नाही त्यांनी गच्चीवर किंवा अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. मार्कचा सोळावा अध्याय वाचावा. गेलेल्यांची नावे मुलांसमोर एकेक करून घ्यावीत, कारण नातवंडांना ती एरवी ऐकू येत नाहीत. मग प्रार्थना करून कामाला लागावे. तो सण अर्धा नाही.

मननासाठी प्रश्न

१. ‘प्रथमफळ’ या शब्दामुळे आपल्या मृत प्रियजनांकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी बदलते?
२. आपल्या घरातील कोणत्या प्रथेमुळे मुलांना उघड्या कबरीची आठवण होते आणि कोणत्या प्रथेमुळे होत नाही?
३. आपले ‘गालील’ कोणते? तेथे प्रभू आपल्याआधी पोहोचला आहे, असे आपण मानतो काय?